स्वभाव, आजार आणि दोषारोप : देह-मन संबंधाच्या मानसशास्त्रीय संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

शरीर आणि मन यांचा परस्परसंबंध हा भारतीय वैद्यकाला अपरिचित विषय नाही. सुश्रुतसंहितेतील स्वास्थ्यविचारात दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबरच मनाच्या प्रसन्नतेलाही स्थान आहे. चरकसंहितेत रोगाच्या कारणांमध्ये 'प्रज्ञापराध' या संकल्पनेचा अंतर्भाव होतो. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनेही आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक सुस्थितीसोबत मानसिक व सामाजिक सुस्थितीचा समावेश केला. या जुन्या धारणेला मोजमापाची जोड देण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्राने हाती घेतले. १९७८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत आरोग्य मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि ही एक मान्यताप्राप्त ज्ञानशाखा बनली.

या ज्ञानशाखेपुढील सर्वांत लक्षवेधी प्रश्न दोन होते. विशिष्ट स्वभावामुळे हृद्रोग किंवा कर्करोग यांसारखा जीवघेणा आजार होतो काय? आणि मनाची अवस्था बदलल्यास रुग्णाचे आयुष्य वाढते काय? हे प्रश्न केवळ विद्वत्चर्चेचे नाहीत. घरात कोणी गंभीर आजारी पडले की 'तिने सगळे मनातच ठेवले', 'त्याचा स्वभावच तापट', 'धीर सोडला म्हणून गेला' अशी वाक्ये आपल्याकडे सहज उच्चारली जातात. मानसशास्त्राने या प्रश्नांना होकारार्थी उत्तर दिले तर अशा वाक्यांना शास्त्राचे पाठबळ मिळते आणि रुग्ण स्वतःच्या आजाराचा उत्तरदायी ठरतो. म्हणूनच या संशोधनाचा पुरावा कितपत भक्कम आहे, हे तपासणे आवश्यक ठरते. या संशोधनपरंपरेतील तीन प्रमुख टप्प्यांची चिकित्सा करून तिच्यातून काय टिकले व काय टिकले नाही, हे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'टाइप ए' स्वभावाचा उदय आणि अस्त

सॅन फ्रान्सिस्को येथील हृद्रोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सतत घाईत असणाऱ्या, स्पर्धेने पछाडलेल्या, वेळेचा दबाव अनुभवणाऱ्या आणि चटकन चिडणाऱ्या व्यक्तींमध्ये हृद्रोगाचे प्रमाण अधिक असते, असे प्रतिपादन त्यात होते. या वर्तनबंधाला पुढे 'टाइप ए' हे नाव रूढ झाले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील ३९ ते ५९ वयोगटातील ३,१५४ निरोगी नोकरदार पुरुषांचा साडेआठ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २५७ पुरुषांना हृद्रोग झाला आणि 'टाइप ए' पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. १९८१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने हा वर्तनबंध हृद्रोगाचा स्वतंत्र जोखीमघटक असल्याचे मान्य केले.

या मान्यतेनंतर अल्पावधीतच चित्र पालटू लागले. १९८५ मध्ये एका मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या मुलाखतींवरून वर्तनबंध निश्चित करण्यात आला; परंतु पुढील सुमारे सात वर्षांत 'टाइप ए' आणि हृद्रोग यांत संबंध आढळला नाही. त्याहून विलक्षण निष्कर्ष १९८८ मध्ये पुढे आला. मूळ कॅलिफोर्निया अभ्यासातील ज्या २३१ पुरुषांनी हृद्रोगाच्या पहिल्या आघातानंतरचे चोवीस तास पार केले होते, त्यांच्यापैकी 'टाइप ए' पुरुषांचा मृत्युदर दर हजार व्यक्तिवर्षांमागे १९.१, तर शांत स्वभावाच्या पुरुषांचा ३१.७ आढळला. ज्या स्वभावाला घातक ठरविले गेले होते, त्याच स्वभावाची माणसे आघातानंतर अधिक काळ जगली. पुढील संशोधकांनी संपूर्ण वर्तनबंधाऐवजी केवळ वैरभाव या एका घटकावर लक्ष केंद्रित केले. तथापि मूळ सिद्धान्ताचा आवाका त्यामुळे बराच संकुचित झाला.

या चढउताराचे एक कारण प्रयोगशाळेबाहेर होते. तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे न्यायालयीन लढायांनंतर सार्वजनिक झाली. त्यांच्या आधारे मार्क पेटिक्रू व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, तंबाखू उद्योग हा 'टाइप ए' संशोधनाचा एक प्रमुख आश्रयदाता होता आणि त्यातील सोयीचे निष्कर्ष धूम्रपानाविषयीच्या चिंतेला उत्तर म्हणून वापरले जात होते. ताणाच्या संकल्पनेला शास्त्रात प्रतिष्ठा मिळवून देणारे हान्स सेल्ये यांचेही या उद्योगाशी आर्थिक संबंध असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. हृद्रोगाचे कारण माणसाच्या स्वभावात असेल, तर सिगारेटवरील आरोप आपोआप सौम्य होतो, हे गणित उद्योगाला अचूक उमगले होते. आर्थिक साहाय्य घेतले म्हणून प्रत्येक निष्कर्ष खोटा ठरत नाही. परंतु कोणते प्रश्न विचारले जातील आणि कोणत्या उत्तरांचा गाजावाजा होईल, हे त्या साहाय्यामुळे ठरू शकते.

'कर्करोगप्रवण व्यक्तिमत्त्वा'चे प्रकरण

दुसरा टप्पा अधिक गंभीर आहे. लंडनच्या मानसोपचार संस्थेतील प्राध्यापक हान्स आयझेंक हे त्यांच्या काळातील सर्वाधिक उद्धृत झालेल्या मानसशास्त्रज्ञांपैकी एक होते. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासातील त्यांचे योगदान आपल्याकडील पदवी व पदव्युत्तर पाठ्यपुस्तकांतूनही शिकविले जाते. आयझेंक यांनी रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक यांच्या सहकार्याने १९८० च्या दशकापासून अनेक निबंध प्रसिद्ध केले. युगोस्लाव्हिया आणि हायडेलबर्ग येथील पाठपुराव्यांवर ते आधारित होते. भावना दडपणाऱ्या, परावलंबी आणि निराशेपुढे हतबल होणाऱ्या व्यक्ती कर्करोगाला बळी पडतात. स्वभावाचा हा परिणाम धूम्रपानाच्या परिणामाहून कितीतरी मोठा आहे. आणि अल्पशा मानसोपचाराने, किंबहुना केवळ एका मार्गदर्शक पुस्तिकेने, मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आणता येते, असे दावे त्यांत होते.

कोणत्याही औषधाला अप्राप्य असलेले यश एखादी पुस्तिका मिळवून देत असेल, तर वाचकाच्या मनात शंका यावयास हवी. ती मानसोपचारतज्ज्ञ अँथनी पेलोसी आणि लुई अ‍ॅपलबी यांना आली. १९९२ मध्ये त्यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या निबंधांची परखड चिकित्सा केली व चौकशीची आवश्यकता प्रतिपादली. चौकशी झाली नाही. १९९७ मध्ये आयझेंक यांचे निधन झाले. पेलोसी यांनी २०१९ मध्ये हा विषय पुन्हा मांडल्यानंतर किंग्ज कॉलेज, लंडन या संस्थेने चौकशी केली आणि या सहलेखनातील २६ शोधनिबंध विश्वासार्ह नसल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर संबंधित नियतकालिकांनी दहाहून अधिक निबंध मागे घेतले. आयझेंक यांच्या संशोधनालाही तंबाखू उद्योगाचे अर्थसाहाय्य लाभले होते, ही बाब येथे नोंदविणे क्रमप्राप्त आहे.

पहिली जाहीर शंका आणि संस्थात्मक निर्णय यांत २७ वर्षांचे अंतर पडले. या काळात ते निबंध उद्धृत होत राहिले, पुस्तकांत शिरले, व्याख्यानांत सांगितले गेले. समकक्ष परीक्षण ही ज्ञानव्यवहारातील महत्त्वाची चाळणी आहे. परंतु मोठ्या नावापुढे चाळणीची छिद्रे रुंद होतात, हा धडा या प्रकरणाने दिला. ज्या शिक्षकांनी आयझेंक यांचा व्यक्तिमत्त्वविषयक सिद्धान्त शिकविला, त्यांनी या प्रकरणाचीही माहिती विद्यार्थ्यांना देणे हे आता अध्यापनाचा भाग मानावयास हवे.

झुंजार वृत्ती आणि आयुर्मान

तिसऱ्या टप्प्यातील संशोधनावर गैरव्यवहाराचा आरोप नाही. उलट ते प्रामाणिक संशोधकांचे कार्य आहे. म्हणूनच ते अधिक बोधप्रद ठरते. १९७९ मध्ये स्टीव्हन ग्रीर व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ६९ रुग्ण स्त्रियांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आजाराला झुंजार वृत्तीने तोंड दिले किंवा ज्यांनी तो नाकारला, त्यांची प्रकृती इतरांच्या तुलनेत चांगली राहिली, असे त्यात आढळले. येथून झुंजार वृत्तीची कल्पना जगभर लोकप्रिय झाली. मात्र १९९९ मध्ये मॅगी वॉटसन व सहकाऱ्यांनी ५७८ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात झुंजार वृत्तीचा जगण्याशी संबंध आढळला नाही. ग्रीर स्वतः या अभ्यासाचे सहलेखक होते, हे विशेष. हतबलता व तीव्र नैराश्य यांचा काही प्रमाणात प्रतिकूल संबंध तेवढा दिसला. २००२ मध्ये पेटिक्रू व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा अनुकूल निष्कर्ष प्रामुख्याने लहान किंवा सदोष अभ्यासांतच आढळले. रुग्णांवर विशिष्ट मनोवृत्ती धारण करण्याचा दबाव येता कामा नये, असे त्यांनी बजावले.

डेव्हिड स्पीगल यांच्या संशोधनाची वाटचालही अशीच झाली. १९८९ मध्ये त्यांनी शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाने ग्रस्त अशा ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साप्ताहिक गटोपचारात सहभागी झालेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने, तर तुलनागटातील स्त्रिया १८.९ महिने जगल्या. आयुष्य दुप्पट झाले, ही वार्ता सर्वदूर पोहोचली. २००१ मध्ये पामेला गुडविन व सहकाऱ्यांनी कॅनडात २३५ स्त्रियांवर हाच उपचार तपासला. दोन्ही गटांतील जगण्याचा मध्यक कालावधी अनुक्रमे १७.९ व १७.६ महिने, म्हणजे जवळपास समान निघाला. मात्र गटोपचार घेणाऱ्या स्त्रियांचे, विशेषतः आरंभी अधिक व्यथित असणाऱ्यांचे, मानसिक क्लेश कमी झाले आणि वेदनेची जाणीवही सौम्य झाली. पुढे स्पीगल यांनी स्वतःच १२५ स्त्रियांवर अभ्यास पुन्हा केला व २००७ मध्ये एकंदर आयुर्मानात वाढ आढळली नसल्याचे प्रांजळपणे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जेम्स कॉइन व सहकाऱ्यांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. त्यांपैकी ६४६ रुग्ण मृत्यू पावले होते. उपचारारंभीच्या भावनिक स्वास्थ्यावरून कोण अधिक जगेल, याचे भाकीत करता आले नाही.

संशोधनातून टिकून राहिलेले

वरील विवेचनावरून मनाचा शरीरावर परिणाम होतच नाही, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे ठरेल. शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ३९४ निरोगी व्यक्तींच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडून केलेल्या प्रयोगात, मानसिक ताण अधिक असणाऱ्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण अधिक आढळले. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तितक्याच इतर स्त्रिया यांच्या त्वचेवर समान आकाराची लहान जखम करून ती भरण्याचा कालावधी मोजला. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरण्यास सरासरी सुमारे नऊ दिवस अधिक लागले. नमुना लहान असला, तरी येथे जखम कधी झाली, किती मोठी होती व कधी भरली, हे निश्चितपणे ज्ञात होते.

हृद्रोगाच्या क्षेत्रातही असाच मर्यादित पण उपयुक्त बोध मिळाला. १९९३ मध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात नैराश्यग्रस्त रुग्णांचा पुढील सहा महिन्यांतील मृत्युदर लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे दाखविले. नैराश्यावर उपचार केल्यास मृत्यू टळतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४८१ रुग्णांच्या चाचणीत उपचाराने नैराश्य कमी झाले. मृत्यूचे व पुनराघाताचे प्रमाण मात्र घटले नाही. जोखीम दर्शविणारी खूण आणि जोखमीचे कारण या दोन भिन्न गोष्टी असतात, हे या चाचणीने स्पष्ट केले.

पद्धतीविषयक तीन आक्षेप

या इतिहासातून तीन पद्धतीविषयक मुद्दे निष्पन्न होतात. पहिला मुद्दा कार्यकारणाच्या दिशेचा. आजारी माणूस दुःखी असतो, म्हणून दुःख व आजार एकत्र आढळतात. यावरून दुःखाने आजार झाला, असे म्हणता येत नाही. ब्रिटनमधील सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या सुमारे दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. दुःखी स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण आरंभी अधिक दिसले. परंतु त्यांची आधीची प्रकृती, धूम्रपान व इतर बाबी गणितात घेताच हा फरक नाहीसा झाला.

दुसरा मुद्दा नमुन्याच्या आकाराचा. ६९ किंवा ८६ रुग्णांच्या अभ्यासात योगायोगाला बराच वाव असतो. अशा अभ्यासांतील चकित करणारे निष्कर्ष प्रसिद्धीस योग्य ठरतात, नीरस निष्कर्ष कपाटात राहतात. त्यामुळे पहिला निष्कर्ष मोठा व पुढील निष्कर्ष लहान, हा क्रम वारंवार दिसतो.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. स्वभाव आणि भावना बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांवरून मोजल्या जातात, आणि ते उत्तर त्या वेळच्या प्रकृतीने रंगलेले असते. थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे ही नैराश्याची लक्षणे आहेत, तशीच ती शारीरिक व्याधीचीही आहेत. प्रश्नावली दोहोंत भेद करू शकत नसेल, तर ती मनाचे माप घेते की रोगाचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

हे सर्व संशोधन प्रामुख्याने अमेरिका व युरोपात झाले असले, तरी त्याचे पडसाद येथेही उमटतात. महाविद्यालयीन स्तरावरील मानसशास्त्रीय संशोधनाचा एक परिचित साचा आहे : पन्नास मुले व पन्नास मुली, दोन प्रश्नावल्या, 'टी' मूल्य, सहसंबंध गुणक आणि शेवटी शिफारशी. हा साचा विद्यार्थ्याला तंत्र शिकविण्यास उपयुक्त आहे. परंतु एकाच वेळी भरून घेतलेल्या दोन प्रश्नावल्यांमधील सहसंबंधावरून 'भावनिक स्वास्थ्यामुळे शारीरिक आरोग्य सुधारते' असे विधान करता येत नाही. हजारो व्यक्तींच्या दीर्घकालीन अभ्यासांना जे सिद्ध करता आले नाही, ते शंभर विद्यार्थ्यांच्या नमुन्यातून सिद्ध झाल्याचे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा मार्गदर्शक आणि परीक्षक या दोघांनीही थांबून विचार करणे अगत्याचे आहे.

दुसरा संदर्भ तंबाखूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात सेवन करीत होते आणि त्यांत धूरविरहित तंबाखूचे प्रमाण अधिक होते. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना यांच्याशी निगडित मुखाचा कर्करोग भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. अशा प्रदेशात कर्करोगाचे मूळ 'दडपलेल्या भावनांत' शोधणे म्हणजे ज्ञात आणि टाळता येण्याजोग्या कारणाकडे पाठ फिरविणे होय. तंबाखू उद्योगाने ज्या विचाराला एके काळी द्रव्यबळ पुरविले, तोच विचार प्रेरणादायी व्याख्यानांतून विनामूल्य प्रसृत व्हावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

तिसरा संदर्भ भाषेचा. 'कर्करोगाशी झुंज', 'मृत्यूवर मात', 'अखेर हरला' ही शब्दयोजना आपल्या श्रद्धांजलीपर लेखनात रूढ आहे. तिच्यामागील हेतू गौरवाचा असतो. परंतु जगणे हा विजय असेल, तर मरणे हा पराभव ठरतो, आणि पराभवाला कोणाचे तरी उणेपण लागते. स्वतः कर्करोगाचा अनुभव घेतलेल्या अमेरिकन लेखिका सुसान सोनटॅग यांनी १९७८ मधील आपल्या पुस्तकात आजाराला रूपकांच्या ओझ्यातून मुक्त करण्याची गरज प्रतिपादली होती. त्यानंतरच्या संशोधनाने त्यांच्या भूमिकेला आकडेवारीचा आधार दिला, असे म्हणता येईल.

समारोप

या संशोधनपरंपरेचा सर्वांत मोठा दोष कदाचित तिच्या गृहीतकात होता. रुग्णाच्या मनाची काळजी घेणे योग्य आहे, हे पटवून देण्यासाठी त्यामुळे आयुष्य वाढते, असे सिद्ध करण्याची आवश्यकता तिला वाटली. कॅनडातील अभ्यासाचे उत्तर या दृष्टीने मननीय आहे. त्या स्त्रियांचे आयुष्य वाढले नाही. परंतु उरलेल्या दिवसांतील त्यांचे दुःख व वेदना कमी झाल्या. ज्यांच्या हाती सरासरी दीड वर्ष शिल्लक आहे, त्यांच्यासाठी ही उपलब्धी गौण मानण्याचे काहीच कारण नाही. वेदनाशामक औषधाकडून आयुष्य वाढविण्याची अपेक्षा कोणी करीत नाही, तरीही त्याचे मूल्य सर्वांना मान्य असते. समुपदेशन, आप्तांचा सहवास, निर्भयपणे बोलण्याची मोकळीक यांचे मूल्यही त्याच न्यायाने स्वयंसिद्ध मानावयास हवे.

त्याचबरोबर खचण्याचा, रडण्याचा आणि चिडण्याचा रुग्णाचा अधिकारही मान्य व्हावयास हवा. मन खंबीर न राहिल्याने आजार बळावला, असे त्यास सुचविण्याइतका पुरावा आज कोणाकडेही नाही. तीव्र नैराश्य असेल तर त्यावर अवश्य उपचार व्हावेत. ते स्वतःच एक दुःखद व्याधी आहे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे. मानसशास्त्राचे अध्यापन करणाऱ्यांनी 'टाइप ए' स्वभाव किंवा झुंजार वृत्ती हे घटक शिकविताना त्यांच्या उदयाबरोबर त्यांच्या अस्ताचीही हकिकत सांगितली, तर विद्यार्थ्याला सिद्धान्तासोबत पुराव्याची पारख करण्याची सवय लागेल. हाच विद्यार्थी उद्या कोणाच्या तरी रुग्णशय्येजवळ बसणार आहे. तेथे त्याने काय बोलावे, याइतकेच काय बोलू नये, हेही त्याला ठाऊक असणे गरजेचे आहे.